जुन्या इंजिनांना शिसे खरोखर हवे होते का?

१ फेब्रुवारी २००० पासून भारतातल्या पेट्रोल पंपांवर शिसेयुक्त पेट्रोल मिळेनासे झाले. हा बदल एका रात्रीत झाला नव्हता. जून १९९४ मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत कमी शिशाचे पेट्रोल आले. १ एप्रिल १९९५ पासून याच शहरांत उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बसवलेल्या नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. १९९७ च्या सुरुवातीला कमी शिशाचे पेट्रोल देशभर पोचले आणि सप्टेंबर १९९८ पासून दिल्लीत फक्त शिसेविरहित पेट्रोल उरले. या सगळ्यामागे एम. सी. मेहता यांनी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेली वाहनप्रदूषणाची याचिका होती. जगात जिथे जिथे हा बदल झाला तिथे जुन्या गाड्यांच्या मालकांना एकच धास्ती वाटली: शिसे गेले की व्हॉल्व्ह जळतील, इंजिन बसेल आणि चालती गाडी भंगारात काढावी लागेल. या धास्तीत तथ्याचा अंश होता, पण तो फार छोटा होता. पेट्रोलमध्ये शिसे आले ते व्हॉल्व्हच्या काळजीपोटी नाही. व्हॉल्व्हला त्याने दिलेले संरक्षण हा निव्वळ योगायोग होता, आणि त्या संरक्षणाची खरी गरज असलेली इंजिने इतकी थोडी होती की त्यांच्या नावाने कोट्यवधी लोकांच्या श्वासात विष मिसळत राहण्याला काहीच आधार नव्हता. भारताचा, विशेषतः मुंबई-पुण्याचा अनुभव हेच सांगतो.

शिसे पेट्रोलमध्ये आले त्याची सुरुवात अमेरिकेत झाली. इंजिनाच्या नळकांड्यात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण जितके जास्त दाबावे तितकी त्यातून जास्त ताकद मिळते. मात्र हलक्या प्रतीचे पेट्रोल जास्त दाबले की ठिणगीपासून शिस्तीत जळत जाण्याऐवजी त्याचा उरलेला भाग एकदम भडकतो आणि इंजिन खडखडते. यालाच गॅरेजमध्ये ‘नॉक मारणे’ म्हणतात. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत मिश्रण जेमतेम चौपट-साडेचौपट दाबले जाई, त्यामुळे तिला साधे पेट्रोलही चाले. ताकदवान गाड्या बनवायच्या तर नॉकिंगवर इलाज शोधणे भाग होते. जनरल मोटर्सच्या डेटन येथील संशोधनशाळेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली यांनी आयोडीन, अ‍ॅनिलीन, सेलेनियम, टेल्युरियम असे कितीतरी पदार्थ तपासले आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी त्यांना टेट्राएथिल लेड सापडले. त्याचे प्रमाण हजारात एक भागाहूनही कमी असले तरी खडखड थांबे. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग थांबते हे मिजली आणि केटरिंग या दोघांना ठाऊक होते. पण अल्कोहोल मोठ्या प्रमाणात मिसळावे लागे आणि त्यावर कोणाचे पेटंट मिळणार नव्हते. शिसे चिमूटभर पुरे, आणि त्याचे पेटंटही हातात. २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल पहिल्यांदा विकले गेले आणि पुढच्याच वर्षी जनरल मोटर्स व स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी यांनी मिळून एथिल कंपनी स्थापन केली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे तेलशुद्धीकरण कारखान्यात हे रसायन बनवणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले. त्यातले पाच जण दगावले आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने परिषद बोलावली. येल विद्यापीठाचे यांडेल हेंडरसन आणि औद्योगिक आरोग्याच्या अभ्यासक अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी तिथे शिशाला स्पष्ट विरोध केला. तरीही त्यानंतर नेमलेल्या समितीने थोड्या महिन्यांच्या पाहणीनंतर बंदीला पुरेसे कारण नाही असे ठरवले आणि थांबवलेली विक्री १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. या साऱ्या वादात शिशाच्या बाजूने जो युक्तिवाद झाला तो ताकदीचा, इंधनबचतीचा आणि देशाच्या प्रगतीचा होता. शिशामुळे व्हॉल्व्हची सीट टिकते, हा मुद्दा शिसे आणणाऱ्यांच्या मनात तेव्हा नव्हताच. इंजिनाला शिशावाचून जगता येत नाही असे कोणी म्हणाले असते तर त्या काळी रस्त्यावर धावणारी प्रत्येक गाडी त्याला खोटे पाडत होती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तर अमेरिकन ऑइल कंपनी, म्हणजे अमोको, शिसे न घातलेले उच्च प्रतीचे पेट्रोल कितीतरी दशके विकत राहिली. तिच्या ग्राहकांनी ते आपल्या रोजच्या गाड्यांत घातले, आणि त्यांच्या इंजिनांची सरसकट वाताहत झाली नाही.

मग व्हॉल्व्हचा मुद्दा खोटाच का? तसे नाही, आणि इथे थोडे इंजिनाच्या आत डोकावायला हवे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून जळालेला वायू बाहेर जातो. जोरात चाललेल्या इंजिनात या व्हॉल्व्हचे तोंड सात-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते. मिनिटाला हजारो वेळा ते उघडते आणि स्प्रिंगच्या जोराने आपल्या सीटवर आपटून बंद होते. सीट म्हणजे हेडमधली गोल, तिरपी कड, जिच्यावर व्हॉल्व्ह घट्ट बसला की गळती होत नाही. जुन्या बिडाच्या हेडमध्ये ही कड वेगळी बसवलेली नसे. हेडच्याच बिडात ती कातून काढलेली असे. तापलेला व्हॉल्व्ह आणि तापलेली मऊ कड एकमेकांवर दाबली गेली की बिडाचे सूक्ष्म कण व्हॉल्व्हला चिकटतात, व्हॉल्व्ह उघडताना ते उपटले जातात आणि मग तेच कण पुढच्या प्रत्येक ठोक्याला कडेवर घासतात. वर्षानुवर्षे पाय पडून दगडी उंबरा झिजावा तशी ही कड झिजते आणि व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये वर चढत जातो. शिसेयुक्त पेट्रोल जळाले की शिशाच्या संयुगांचा पातळ थर या कडेवर बसतो, धातूला धातू थेट लागत नाही, आणि झीज थांबते.

या झिजेचे एक लक्षण जाणत्या मेकॅनिकला चांगले माहीत असते, पण गाडीमालकाला ते बरोबर उलटे वाटते. साधारणपणे इंजिन जुने झाले की टॅपेट वाजू लागतात, कारण व्हॉल्व्हची दांडी आणि तिला ढकलणारा रॉकर यांच्या मधली फट वाढते. सीट झिजली की मात्र व्हॉल्व्हची दांडी रॉकरच्या बाजूला सरकते, टॅपेटची फट कमी होते आणि इंजिन शांत होत जाते. मालकाला वाटते गाडी सुधारली. प्रत्यक्षात फट पूर्ण संपली की व्हॉल्व्ह बंदच होत नाही, कॉम्प्रेशन उतरते, तापलेला वायू त्या चिरेतून निसटत राहतो आणि व्हॉल्व्हची कड जळून जाते. म्हणून शिसे गेल्यावरची खरी काळजी फीलर गेजने वेळोवेळी टॅपेटची फट मोजण्यात होती. ते काम कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये अर्ध्या तासात होते.

शिशाचा इंजिनावर फक्त उपकारच झाला असेही नाही. जळालेले शिसे नळकांड्यात साचू नये म्हणून पेट्रोलमध्ये एथिलिन डायब्रोमाइड आणि एथिलिन डायक्लोराइड ही रसायनेही घालावी लागत. ती शिशाला वायुरूपात बाहेर काढत, पण जाता जाता आम्ल तयार करत. त्या आम्लाने सायलेन्सर आतून गंजत, इंजिन ऑइल लवकर खराब होई आणि स्पार्क प्लगवर शिशाचा थर बसून ठिणगी मरे. शिसे गेल्यावर प्लग, सायलेन्सर आणि ऑइल यांचे आयुष्य वाढले. जुन्या गाडीच्या मालकाने एका बाजूला व्हॉल्व्हचा संभाव्य तोटा मांडला तर दुसऱ्या बाजूला ही रोजची बचतही मांडायला हवी. बहुतेकांच्या हिशेबात ही दुसरी बाजू कधी आलीच नाही.

व्हॉल्व्हचा मुद्दा ऐरणीवर आला तो शिसे जाणार हे ठरल्यानंतर. १९७० साली जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांनी कंपनीच्या पुढच्या गाड्या शिसेविरहित पेट्रोलवर चालतील असे जाहीर केले. कारण सरळ होते: शिसे उत्प्रेरक परिवर्तकातल्या प्लॅटिनमवर थर चढवून तो निकामी करते. नव्या इंजिनांच्या सीट विद्युतप्रवाहाने तापवून कडक करण्यात आल्या आणि प्रश्न सुटला. जुन्यांचे काय, हा प्रश्न मात्र उरला. १९८० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी पर्यावरण संस्थेने पेट्रोलमधले शिसे झपाट्याने घटवले आणि १ जानेवारी १९८६ पासून ते गॅलनला ०.१ ग्रॅमवर आणले. तेव्हा जुने पेट्रोल ट्रॅक्टर वापरणाऱ्या शेतकऱ्यांनी तक्रार केली. त्यांच्यासाठी कृषी खात्याने आणि पर्यावरण संस्थेने मिळून चाचण्या करवल्या आणि त्यांचे निष्कर्ष १९८७ मध्ये पुढे आले. मला ते फार मोलाचे वाटतात, कारण त्यांनी भीतीला मोजपट्टी लावली. जॉन डिअर बी सारखे, मिनिटाला १,२५० फेऱ्यांच्या आसपास निवांत चालणारे जुने ट्रॅक्टर शिशाशिवाय सुखरूप राहिले. ट्रकमध्ये आणि शेतीच्या अवजड यंत्रांत बसणाऱ्या, मऊ बिडाच्या सीट असलेल्या वेगवान इंजिनांना मात्र पूर्ण भाराने सतत चालवल्यावर झीज झाली आणि ती लवकर झाली. म्हणजे गाडी किती जुनी आहे याला फारसे महत्त्व नव्हते. सीटचा धातू कोणता, फेऱ्या किती आणि पूर्ण भाराने ती किती वेळ चालते, यावर सारे अवलंबून होते. १९२० च्या आसपासची गाडी या कसोटीवर सगळ्यात निर्धास्त ठरते, कारण ती शिसे येण्याआधीची आहे, तिचे कॉम्प्रेशन कमी आहे आणि तिला वेग झेपतच नाही. धोका होता तो १९५० ते १९७० च्या दरम्यानच्या, महामार्गावर तासन् तास भरधाव चालवल्या जाणाऱ्या काही गाड्यांना.

आता भारताकडे वळू. नव्वदच्या दशकात आपल्या रस्त्यांवर पेट्रोल पिणारी वाहने कोणती होती? दोन तृतीयांशांच्या आसपास वाहने दुचाकी होती, आणि त्यांतही टू-स्ट्रोक स्कूटर, मोटारसायकली आणि मोपेड यांचे राज्य होते. पुण्याजवळच्या आकुर्डीत १९७२ पासून बनणारी बजाज चेतक हे त्यांचे घरोघरीचे रूप. टू-स्ट्रोक इंजिनाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच नसतात. पिस्टन वर-खाली होताना नळकांड्याच्या भिंतीतली भोके उघडतो आणि झाकतो, त्यातूनच मिश्रण आत येते आणि धूर बाहेर जातो. व्हॉल्व्ह नाही, सीट नाही, तर शिशाने रक्षण करायचे कशाचे? पेट्रोलच्या रिक्षांचेही तेच. म्हणजे पेट्रोलमधून हवेत गेलेल्या शिशाचा मोठा वाटा अशा इंजिनांतून गेला ज्यांना व्हॉल्व्हच्या दृष्टीने त्याचा शून्य उपयोग होता. उलट टू-स्ट्रोक इंजिनाचा प्लग आधीच तेलाने काळा होतो, त्यात शिशाची भर पडे. ज्या देशात अशी वाहने बहुसंख्य होती त्या देशात ‘इंजिनासाठी शिसे हवे’ हा युक्तिवाद इतकी वर्षे कसा टिकला, याचे उत्तर इंजिनात सापडत नाही.

उरल्या फोर-स्ट्रोक गाड्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १००. या दोन्हींची इंजिने जपानी आरेखनाची होती, आणि जपानने १९७५ पासूनच साधे पेट्रोल शिसेविरहित केले होते. त्यांची हेड अ‍ॅल्युमिनियमची, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये कड कातता येत नाही, कठीण धातूची वेगळी सीट ठोकून बसवावी लागते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे, म्हणजे आपल्या फियाटचे, मूळ इंजिन १९३० च्या दशकातले असले तरी तिचे हेडही अ‍ॅल्युमिनियमचे होते आणि सीट बसवलेल्या. बिडाच्या हेडमध्येच कातलेल्या सीट असलेली, मोठ्या संख्येने धावणारी गाडी खऱ्या अर्थाने एकच होती: ब्रिटिश बीएमसीचे १,४८९ सीसी इंजिन असलेली अ‍ॅम्बेसेडर. तिच्या जोडीला पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या जीप आणि हौशी लोकांनी जपलेल्या थोड्या परदेशी गाड्या. जुन्या इंजिनांच्या नावाने जो ओरडा झाला तो मुख्यतः या छोट्या गटाला लागू होता.

कोणी म्हणेल, छोटा असला तरी तो गट होताच, आणि खंडाळ्याचा घाट चढणाऱ्या अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनावर भार काही कमी नसे. घाटात भार पूर्ण असतो हे खरे. पण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू चढते, चढ काही किलोमीटरचा असतो आणि माथ्यावर पोचले की इंजिनाला विश्रांती मिळते. सीट झिजायला पूर्ण भार आणि जास्त फेऱ्या दोन्ही एकत्र, तेही तासन् तास लागतात. जर्मनीच्या ऑटोबानवर तसे घडते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे सुरू झाला तो २००२ मध्ये, म्हणजे शिसे गेल्यानंतर. त्याआधी आपल्या महामार्गांवर ट्रक, बैलगाड्या आणि एसटीच्या मधून वाट काढत ताशी पन्नास-साठच्या वेगाने चालणारी अ‍ॅम्बेसेडर जॉन डिअर बीच्या जवळची होती. शिवाय वर्षानुवर्षे बसलेला शिशाचा थर एका दिवसात निघून जात नाही. शिसेविरहित पेट्रोल सुरू केल्यावरही तो हजारो किलोमीटर सीटचे रक्षण करतो. भारतात १९९४ ते २००० या काळात शिसे टप्प्याटप्प्याने कमी होत गेले, त्यामुळे ही सवय आपोआपच हळूहळू सुटली.

प्रमाणाचा मुद्दा तर शिशाच्या बाजूने बोलणाऱ्यांना सर्वांत अडचणीचा आहे. सीटच्या रक्षणासाठी लिटरला ०.०५ ग्रॅमच्या आसपास शिसेही पुरते. १९९४ पूर्वी आपल्या पेट्रोलमध्ये लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे चालत असे, म्हणजे गरजेच्या दहापट. उरलेले नऊ भाग कशासाठी? ऑक्टेनसाठी, म्हणजे पेट्रोलने नॉक न मारता दाब सोसावा यासाठी. कच्च्या तेलातून थेट निघणाऱ्या पेट्रोलचे ऑक्टेन कमी असते. ते वाढवायचे तर शुद्धीकरण कारखान्यात रिफॉर्मिंगसारख्या प्रक्रियांवर मोठा पैसा घालावा लागतो. शिसे मिसळणे हा त्यातला सगळ्यात स्वस्त मार्ग होता. मुंबईत माहुलला १९५४-५५ पासून दोन शुद्धीकरण कारखाने चालू आहेत, आणि देशातल्या इतर कारखान्यांप्रमाणे त्यांनाही शिशाशिवाय पेट्रोल बनवण्यासाठी यंत्रणेत बदल करावे लागले. खर्च होता तो तिथे. त्या खर्चाबद्दल मोकळेपणाने बोलता आले असते, कारण तो खरा होता आणि एका गरीब देशाला विचारात घ्यावाच लागणारा होता. पण चर्चेत पुढे आली ती जुन्या गाडीची व्हॉल्व्ह सीट.

भारतीय अनुभवाचा सर्वांत बोलका पुरावा मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने दिला. शिसे जाते न जाते तोच, उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर, शहरातल्या टॅक्सी मोठ्या संख्येने सीएनजीवर आल्या. सीएनजीत शिसे नाही हे उघडच आहे. पण तो पेट्रोलहूनही कोरडा असतो. द्रव इंधन बाष्प होताना व्हॉल्व्हला जो थोडा गारवा मिळतो तोही सीएनजीत मिळत नाही. सीटच्या झिजेच्या दृष्टीने सीएनजी ही शिसेविरहित पेट्रोलपेक्षा कडक परीक्षा आहे. त्या परीक्षेला बसली होती तीच जुनी पद्मिनी, दिवसाला दोन पाळ्यांत, वाहतुकीत अडकून तापलेली. तिची हेड उतरली, व्हॉल्व्ह घासले गेले, कधी सीट बदलल्या गेल्या, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आली. शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मधली, आणि ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली ती वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे. इंजिनाने हात टेकले म्हणून या टॅक्सींची पिढी संपली नाही.

एक आक्षेप वेगळ्या दिशेने येतो आणि त्याची दखल घेतलीच पाहिजे. शिसे काढल्यावर ऑक्टेन टिकवण्यासाठी बेन्झीन आणि त्याच्या जातीची इतर द्रव्ये वाढवली जातात. बेन्झीनने कर्करोग होतो. ज्या जुन्या गाड्यांना उत्प्रेरक परिवर्तक नाही त्यांच्या धुरातून ते थेट बाहेर येते. नव्वदच्या दशकात पर्यावरणाच्या अभ्यासकांनीच ही हरकत घेतली होती आणि ती रास्त होती. पण तिचे उत्तर शिसे परत आणणे हे नव्हते. बेन्झीनवर मर्यादा घालणे हे होते, आणि पुढे ती मर्यादा टप्प्याटप्प्याने १ टक्क्यापर्यंत आणली गेली. शिसे शरीरात साचते, हाडांत वर्षानुवर्षे राहते आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते. एका विषाच्या जागी दुसरे येत असेल तर दुसऱ्यालाही आवरायचे, पहिल्याला पुन्हा दार उघडून द्यायचे नाही.

आणि याचा हिशेब मुंबईतच झालेला आहे. १९९७ मध्ये, शिसे अजून पेट्रोलमध्ये असताना, तपासलेल्या मुंबईच्या मुलांपैकी ६१.८ टक्क्यांच्या रक्तात डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळले होते. शिसे गेल्यानंतरच्या तपासणीत, बारा वर्षांखालच्या ७५४ मुलांत, हे प्रमाण ३३.२ टक्क्यांवर आले. अमेरिकेतही १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधले शिसे जसजसे घटले तसतसे लोकांच्या रक्तातले शिसेही साधारण ३७ टक्क्यांनी उतरले होते. मुंबईची एक तृतीयांश मुले अजूनही त्या पातळीवर होती, हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही. रंग, बॅटऱ्या, भांडी, मसाल्यांतली भेसळ हे मार्ग उरलेच होते. पण काही वर्षांत प्रमाण जवळजवळ निम्म्यावर यावे, असा बदल सार्वजनिक आरोग्यात क्वचित घडतो. एका बाजूला ही मुले आणि दुसऱ्या बाजूला अ‍ॅम्बेसेडरच्या सीट, असा तराजू मांडला तर निवाड्याला वेळ लागण्याचे कारण नव्हते. तरीही जगाला जवळजवळ शंभर वर्षे लागली. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, आणि तिथे ते थांबले जुलै २०२१ मध्ये. पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांच्या इंधनात ते आजही आहे.

ब्रिटनने हा प्रश्न ज्या समजुतीने हाताळला त्याची आठवण इथे करायला हवी. तिथे १ जानेवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली आणि जुन्या गाड्यांसाठी शिशाऐवजी दुसरे संरक्षक द्रव्य घातलेले पेट्रोल पंपावर ठेवले गेले. काही वर्षांत मागणीच उरली नाही म्हणून ते बंद झाले. जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या महासंघाने बाटलीतून घालायच्या द्रव्यांच्या चाचण्या करवल्या आणि पोटॅशियम, फॉस्फरस यांसारख्या घटकांवर आधारित काही द्रव्ये खरोखर सीट वाचवतात हे दाखवून दिले. ज्यांना गरज होती त्यांना उपाय मिळाला, आणि बाकीच्यांनी त्याची वाट पाहिली नाही. थोड्यांची अडचण थोड्यांपुरती सोडवता येते, हे तिथे दिसले.

आज हाच प्रश्न नव्या रूपात पुन्हा दारात आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आहे, त्यातले काही महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांकडून येते, आणि जुन्या गाड्यांचे मालक पुन्हा चिंतेत आहेत. या वेळची चिंता वेगळ्या जागी आहे, आणि शिशाच्या वेळची भीती इथे तशीच उचलून आणणे किंवा तेव्हाची भीती फोल ठरली म्हणून ही चिंता झटकून टाकणे, दोन्ही चुकीचे ठरेल. इथेनॉलचा त्रास व्हॉल्व्हला नाही. तो जुन्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरमधली गास्केट आणि टाकीतला गंज यांना आहे, शिवाय मिश्रण विरळ होते आणि मायलेज घटते. तेव्हा तुमच्याकडे जुनी अ‍ॅम्बेसेडर, जीप किंवा चेतक असेल तर शिशाच्या पर्यायी बाटल्यांवर पैसे घालवू नका. इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्या, गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा, अ‍ॅम्बेसेडर-जीपच्या टॅपेटची फट दर सर्व्हिसिंगला मोजून घ्या, आणि हेड कधी उतरवावेच लागले तर त्याच वेळी कठीण धातूच्या सीट बसवून घ्या.